अंगानं टाचणी, बसते चतुरासारखी

१४ सप्टेंबर

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. ताईच्या स्टेशनरीच्या दुकानात खपली नाही म्हणून जिना चढून वर घरात आली आणि माझ्या गळ्यात पडली. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. वार खोडायचा आणि लिहायचं. फुकट ते पौष्टिक.

लिहायला कारण घडलंय. एकवीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतेय, बाटलीतले बेडूक दाखवून. सर्वेक्षणाला मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणाची वर्णी लागायची. या वेळी माझी लागली, आज पत्र आलं. डोंगरावरच्या जंगलात चतुर आणि टाचण्या किती जातींच्या आहेत ते पाहून यादी करायची. डोंगरातल्या सगळ्यात वरच्या झऱ्यावर सिमेंटची पेटी बांधून तिथून गावाला नळानं पाणी आणणार आहेत. त्याआधी तिथे काय काय राहतं त्याची यादी लागते. वेगळं काही निघालं तर पेटीची जागा बदलायची, नाही निघालं तर कामाला मोकळीक.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "टाचण्या मोजायला डोंगरावर कशाला? खाली ये, अडीच खोके पडलेत."

मग तिला सगळं समजावलं. चतुर मोठा, दणकट, पंख पसरून बसतो. टाचणी त्याच्याच कुळातली पण बारीक, नावासारखीच, आणि बसली की पंख पाठीवर मिटून घेते. ताईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग स्वतःकडे. "म्हणजे मी चतुर, तू टाचणी. चांगलं आहे. त्या नळाचं तेवढं लवकर होऊ दे."

आमच्या गल्लीत पाणी तीन दिवसांनी येतं. ताई दुकान उघडायच्या आधी अकरा बादल्या भरते आणि दिवसभर कंबर धरून बसते. सगळ्या गल्लीचं लक्ष त्या नळाकडे आहे.

१९ सप्टेंबर

पहिली फेरी झाली. पाय माझे राहिलेले नाहीत.

ओढ्याच्या काठानं चार थांबे ठरवून दिलेत. पहिला पुलाखाली, दुसरा डोहापाशी, तिसरा मोठ्या खडकाखाली, चौथा अगदी वर, जिथे झरा फुटतो तिथे. प्रत्येक थांब्यावर तासभर उभं राहायचं आणि दिसेल ते छापील तक्त्यावर लिहायचं. तक्त्यात शेवटचा रकाना आहे 'स्वतः पाहिले'. तिथे बरोबरची खूण करायची. ज्यानं सही करायची त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. ऐकीव चालत नाही.

बरोबर वनचौकीचा वाटाड्या आहे. साठीचा असेल, अंगानं काटकुळा. चौकीत सगळे त्याला दुर्बीणकाका म्हणतात. का म्हणतात ते दहा मिनिटांत कळलं. मी गळ्यातली दुर्बीण सावरून डोळ्याला लावेपर्यंत हे सांगून मोकळे. "पलीकडच्या काठाला, वाळक्या काडीवर. नर आहे. शेपटीच्या टोकाशी निळं." मी पाहते तर खरंच. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली आहे, पण चतुरांच्या सवयी मला पुस्तकानं शिकवल्या नाहीत इतक्या त्यांना ठाऊक आहेत. मला 'बाई' म्हणतात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. त्यानं मला उगाचच जड वाटतं.

आज दोनच थांबे झाले. सतरा जाती. ताईनं पायाला तेल चोळून दिलं आणि म्हणाली की टाचणीचे गुडघे बरेच जाड दिसतात.

२७ सप्टेंबर

उरलेले दोन्ही थांबे झाले. एकूण सदतीस जाती. वर धुकं होतं. चौथ्या थांब्यावर विशेष काही नाही. दमले आहे, झोपते.

२८ सप्टेंबर

काल लिहिलं ते खोटं आहे. ताई वाचणार नाही, सर्वेक्षणाचे साहेब वाचणार नाहीत, मग मी कुणाला फसवत होते कोण जाणे.

चौथ्या थांब्यावर मी गेले नाही. तिसऱ्याच्या वर एक ओला खडक आहे, दोन माणसांच्या उंचीचा. त्यावर शेवाळ, वरून पाणी झिरपतंय, धरायला एक दोर. काका सरसर चढून गेले आणि वरून म्हणाले, "या बाई, तीन पावलं आहेत." मी पहिलं पाऊल टाकलं आणि घसरले. काही झालं नाही, फक्त हनुवटी खरचटली. पण मग माझे हातच दोर धरेनात. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा काल दुखत नव्हता, मला भीती वाटली. एवढी मोठी बाई मी, दोन पुरुष उंचीच्या खडकाला घाबरले.

काका म्हणाले, "बसा तुम्ही, मी बघून येतो." तासाभरानं आले. मी खडकाखाली डबा खाल्ला, पायावरच्या जळवा काढल्या. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात:

थांबा ४. टाचणी ३. अंगानं टाचणी, बसते चतुरासारखी पंख उघडे ठेवून. पाय पांढरे. याआधी कधी पाहिली नाही.

त्यांचे डोळे चमकत होते. "बाई, चाळीस वर्षं या डोंगरात आहे. ही पाहिली नव्हती. एवढ्या उन्हाच्या तुकड्यात आली आणि धुकं आलं तशी गेली."

मी कागद वाचला आणि म्हटलं, पंख पसरलेत तर टाचणी कशी असेल? चतुर असेल, नुकता कातीतून निघालेला, कोवळा. ते असे बारीक, फिकट दिसतात. काका म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेल." घरी येऊन तक्त्यात लिहिलं: थांबा चार, कोवळे चतुर, ओळख पटण्यासारखे नाहीत, विशेष काही नाही. आणि 'स्वतः पाहिले'समोर बरोबरची खूण केली.

आता सगळ्यात वाईट ते. दर वर्षी मी मुलांना हेच लिहून देते: चतुर पंख पसरून बसतो, टाचणी पंख मिटून बसते. अपवाद आहेत, पण ते परीक्षेला विचारत नाहीत. पंख उघडे ठेवणाऱ्या टाचण्या असतात. डोंगरातल्या ओलसर सावलीतच जास्त असतात. हे मला माहीत होतं. तिथे, डबा खाताना माहीत होतं. पण ते मान्य केलं असतं तर वर जावं लागलं असतं.

६ ऑक्टोबर

आज सर्वेक्षणाच्या कचेरीत बैठक झाली. साहेबांनी तक्ते पाहिले, नीटनेटके आहेत म्हणाले. मग पाकिटातून घडी घातलेला तो कागद निघाला. मी तो फाडला नव्हता आणि जोडलाही नव्हता, नुसता पाकिटात राहिला होता. माझं सगळं असंच असतं, ना धड इकडे ना धड तिकडे.

साहेबांनी वाचला. म्हणाले, "हा वाटाड्या म्हणतो पंख उघडे ठेवणारी टाचणी. तुम्ही लिहिता कोवळे चतुर. तुम्ही शेजारीच उभ्या होतात ना?"

हो म्हणायची ती वेळ नव्हती, नाही म्हणायची होती. मी म्हटलं, "हो. धुकं होतं. काकांची नजर आता पूर्वीची राहिली नसावी."

'नसावी' म्हटलं, 'नाही' म्हटलं नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये मी त्या 'सावी'ला धरून बसले होते. साहेबांनी मात्र 'सावी' लिहून घेतली नाही. त्यांनी कागदावर तिरकी रेघ मारली आणि कडेला लिहिलं, वाटाड्याची दृष्टी तपासून घ्यावी.

ताईनं विचारलं कसं झालं. मी म्हटलं, छान. तिनं बादली उचलताना विचारलं म्हणून बरं, चेहरा दिसला नाही.

२२ ऑक्टोबर

काका दुकानात आले होते. मी कॉलेजातून येऊन ताईला गल्ल्यावर बदली द्यायला बसले होते, आणि समोर हे उभे. हातात टोपी.

चौकीच्या भिंतीवर यादी लावली आहे. त्यांनी ती मोजली. म्हणाले, "बाई, सदतीस आहेत. मी म्हटलं अडतीस असतील. माझी ती टाचणी कुठं दिसली नाही."

मी काउंटरवरच्या टाचण्यांच्या डबीचं झाकण लावत होते, उघडत होते. म्हटलं, "काका, तो कोवळा चतुर होता, असं ठरलं."

"कुणी ठरवलं" असं त्यांनी विचारायला हवं होतं. त्यांनी मान डोलावली. "मग मी चुकलो असेन. वय झालं." त्यांच्या आवाजात राग शोधला, सापडला नाही. जाताना एक वही आणि पेन्सिल घेतली. ताई आतून म्हणाली, गोड माणूस आहे. मी तिच्यावरच खेकसले की गिऱ्हाईक सगळेच गोड असतात.

४ नोव्हेंबर

काकांना चष्मा लागला.

चौकीत यादीची दुरुस्त प्रत द्यायला गेले होते. काका फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. डोंगरावरून काढून त्यांना फाटकावर बसवलंय. नाकावर काळ्या जाड काड्यांचा चष्मा. चौकीतला एकजण म्हणाला, "बघा बाई, आमच्या दुर्बिणीला चष्मा लागला," आणि सगळे हसले. काकाही हसले. मीही हसले, ते हसू अजून तोंडात कडू लागतंय.

चष्म्याची सवय झालेली दिसत नाही. पलीकडच्या वळणावर गाडी आली की चष्मा कपाळावर सरकवतात, नंबर वाचतात, परत खाली घेतात, मग लिहितात. मी म्हटलं, जवळचा नंबर असेल. "तसंच काहीतरी," म्हणाले.

माझ्या एका 'नसावी'नं त्या माणसाचे डोळे काढून घेतले. हे वाक्य लिहून दोनदा खोडलं. आता राहू दे.

१२ नोव्हेंबर

पेपरात आलंय. एक डिसेंबरला झऱ्यावरच्या पेटीचं काम सुरू. गल्लीत आनंदीआनंद आहे. समोरच्या शिंपीणबाई ताईला सांगत होत्या, आता बादल्या मोडीत काढ. ताई म्हणाली, "ही आमची बहीण, हिच्याच सहीनं मोकळीक मिळाली." शिंपीणबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुमचे उपकार आहेत. माझ्या हाताला घाम सुटला होता, त्यांना वाटलं असेल उकडतंय.

मनाशी मांडून पाहते. एका पारड्यात गल्लीचं पाणी, ताईची कंबर. दुसऱ्यात तीन टाचण्या, ज्या मी पाहिल्याही नाहीत. असं मांडलं की माझं बरोबरच वाटतं. पण ही लबाडी आहे. पेटी खालच्या डोहावरही बांधता येते, हे योजनेच्या कागदातच लिहिलंय, फक्त नळ लांब टाकावा लागेल. आणि पारड्यात काकांचा चष्मा मी ठेवतच नाही.

१५ नोव्हेंबर

दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर चतुर-टाचणी होतं. मी नेहमीसारखं सांगितलं. चतुर पंख पसरून, टाचणी पंख मिटून, अपवाद आहेत पण परीक्षेला विचारत नाहीत. वर्ग हसतो इथे, दर वर्षी हसतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, अपवाद सांगा ना. नसेना का परीक्षेला."

पाणी प्यायले, फळा पुसला. स्वच्छ फळा परत पुसला. मग म्हटलं, पुढच्या तासाला. ती वहीत लिहून घेत होती, 'अपवाद, पुढच्या तासाला'.

१६ नोव्हेंबर

ताईला सांगितलं. सगळं. खडक, डबा, खूण, 'नसावी'.

ती दुकानात रबरी शिक्के पुसत होती. पुसत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी आहे. दीड महिना तू माझ्याशी बोलताना दाराकडे बघतेस."

मी म्हटलं, मग काय करू? पाण्याचं काय? तुझ्या कंबरेचं काय?

तेव्हा ती चिडली. ताई चिडली की आवाज वाढवत नाही, कमी करते. "माझी कंबर मध्ये आणू नकोस. तुला खडकाची भीती वाटली, तेव्हा माझी कंबर आठवली होती का? पाणी मला हवंय, रोज हवंय. पण एका भल्या माणसाला आंधळा ठरवून आलेलं पाणी मला प्यायला लावू नकोस. आणि मला सांगून काय उपयोग? मी लावते का तो चष्मा?"

शिक्के जागेवर ठेवताना म्हणाली, "तसा तो आंधळा-बिंधळा काही नाही. परवा पुन्हा आला होता. टोकयंत्र हवं होतं. सगळ्यात वरच्या फळीवरच्या खोक्यावरचं बारीक अक्षर चष्म्याच्या वरून वाचलं त्यानं, मला शिडीवर चढून दिसेना."

मी म्हटलं, लांबचं दिसत असेल, जवळचं नसेल. ताई म्हणाली, "तू शिकलेली, तुला ठाऊक."

१८ नोव्हेंबर

पत्राचे चार मसुदे झाले. पहिल्यात गुडघा आला, फाडला. दुसऱ्यात धुकं आलं, फाडला. तिसरा इतका रडका झाला की ताई म्हणाली, हे पत्र आहे की शोकसभा. चौथा तीन ओळींचा आहे: थांबा चारवर मी गेले नव्हते. खूण खोटी आहे. वाटाड्यांनी जे लिहिलं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या नजरेबद्दल मी जे बोलले त्याला काहीही आधार नव्हता.

साहेबांना हातानंच नेऊन दिलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, याचा अर्थ तुमचे बाकीचे तीन थांबेही आता मी कसे मानायचे?" कळत होतं. "कॉलेजला कळवावं लागेल." हे पण कळत होतं. मी मान खाली घालून बसले. माझी मुलं पकडली गेल्यावर बसतात तशी.

मग म्हणाले, "नुसत्या कबुलीनं काम थांबत नाही. पंचवीस तारखेपर्यंत वर जा, स्वतः पाहा, फोटो आणा. या दिवसांत उडतात का पण त्या?"

मी म्हटलं, हंगाम संपत आलाय. एखादी असली तर असली.

१९ नोव्हेंबर

चौकीवर गेले. फाटकाशी उभं राहूनच काकांना सांगितलं, कारण बसले असते तर रडले असते. मी तुमचं नाव खराब केलं, म्हटलं. वर न जाता खूण केली आणि साहेबांपुढे तुमची नजर गेली म्हणाले.

काका ऐकत होते. एक गाडी आली, फाटक उघडलं, नंबर लिहिला, फाटक लावलं. मग म्हणाले, "सकाळी लवकर नको. ऊन पडायला हवं. तेविसाला आकाश मोकळं राहील, दहाला निघू."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर घरी नीट जेवले असते.

२३ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते, नंतर मला वाटायला नको की असं झालंच नव्हतं.

दहाला निघालो. काका चष्मा लावून. पहिल्या तीन थांब्यांवर चतुर जवळजवळ नव्हतेच, थंडीनं गेले. मी मनातल्या मनात हार मानत चालले होते. मोठ्या खडकाखाली आलो. काका म्हणाले, "गेल्या वेळी इथं बसला होता तुम्ही." टोमणा नव्हता, खूण सांगितल्यासारखं म्हणाले. दोर धरला. काका वर नव्हते या वेळी, खाली उभे होते. "घसरला तर माझ्यावर पडाल, मी मऊ नाही पण खडकापेक्षा बरा." तीन पावलं होती. खरोखर तीनच. वर पोचले आणि मागे वळून पाहिलं, तर दोन पुरुष उंचीचा खडक. एवढ्यासाठी सगळं.

झरा काही मोठा नाही. उतारावर ओली काळी माती, नेच्यांची झाडी, शेवाळातून पाणी पाझरतंय. पेटीसाठी चार खुंट्या ठोकून लाल दोरी बांधली होती. आतमध्ये साडेपाच पावलं जागा. मी दोरीबाहेर बसले, काका उभे.

धुकं होतं. एक तास गेला. दुसरा गेला. पाय बधिर झाले. मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे दोन महिने गेले. सप्टेंबरात आले असते तर दिसली असती." ते म्हणाले, "बाई, बोलू नका, ऊन येतंय."

नेच्यांवर हातभर उजेड पडला. काकांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. मी ते पाहिलं आणि त्याचा काहीच विचार केला नाही.

"तिसरं पान," काका हळू म्हणाले. "खालच्या बाजूनं. टोकाशी." मला पानच दिसत होतं. "टोकाशी बघा. पाय पांढरे." मग दिसली. काळपट, माझ्या करंगळीपेक्षा जरा मोठी, कपड्यावर अडकवलेल्या टाचणीएवढ्या जाडीची. आणि चारही पंख सपाट उघडे ठेवलेले. अंगानं टाचणी, बसते चतुरासारखी. पेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

फोटो काढले, एखादा तरी नीट यावा म्हणून पुष्कळ काढले. ऊन गेलं, तीही गेली. आता फोटो नीट आलेत का बघायचं, तर कॅमेऱ्याची खिडकी एवढीशी, आणि माझा वाचायचा चष्मा घरी, डायरीवर. "काका, तुमचा द्या जरा," म्हटलं. त्यांनी हात खिशाशी नेला आणि थांबले. मग दिला.

मी लावला. काहीच बदललं नाही. काढला, परत लावला. कॅमेऱ्याची खिडकी तशीच धूसर. काच पुसली. तरी तसंच. समोरचा नेचा चष्म्यातून जसा, तसाच चष्म्याबाहेरून.

"काका, याला नंबर नाही."

"नाही."

"म्हणजे डॉक्टरांनी चुकीचा दिला?"

"डॉक्टरांनी दिलाच नाही. म्हणाले, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी म्हटलं, साधी काच घालून द्या."

मी विचारलं, का. मला वाटलं, आता येईल राग, दोन महिन्यांचा. काका दोराचा गुंता सोडवत होते. म्हणाले, "चौकीतली मंडळी बोलायला लागली. म्हणाली, याला दिसतं हे आम्हाला माहीत आहे, म्हणजे ती बाई खोटं लिहून गेली. तुम्ही पोरांना शिकवता. कागदावर तुमची सही. म्हटलं, मी चष्मा लावला की विषय मिटला. माझं काय, घातला काय नि काढला काय."

मी तिथे त्या ओल्या मातीत बसून रडले. काकांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "उतरू या, बाई. खडक उतरताना जास्त बघून उतरावा लागतो."

९ डिसेंबर

निकाल लागला. पेटी दुसऱ्या थांब्यावर, डोहापाशी बांधायची असं ठरलं. नळ लांब टाकावा लागेल, पाणी उन्हाळ्यानंतर. शिंपीणबाई आता माझ्याशी बोलत नाहीत, दार लावून घेतात. त्यांचं बरोबर आहे. ताई अकरा बादल्या भरते. आता त्यातल्या सहा मी भरते. ती म्हणते, टाचणी वाकायला लागली.

सर्वेक्षणातून माझं नाव कायमचं काढलं. कॉलेजात लेखी ताकीद मिळाली आणि प्राचार्यांपुढे ती मोठ्यानं वाचून दाखवली गेली. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला अपवाद सांगितले. कुठून कळले, हेही वर्गाला सांगितलं. तिथे कुणी हसलं नाही.

यादी नवीन लागली. अडतिसावी ओळ. नाव अजून ठरायचं आहे, जाणकारांकडे फोटो गेलेत, तोवर साहेबांनी काकांचेच शब्द छापलेत. पाहणाऱ्याच्या रकान्यात पहिली तारीख सप्टेंबरची, काकांची. माझी त्याखाली, नोव्हेंबरची. काका फाटकावरून सुटले, परत डोंगरावर गेले.

आज चौकीवर जायला निघाले तेव्हा मला आठवलं की चष्मा माझ्याकडेच राहिलाय. त्या दिवशी डोक्यावर लावून तशीच खाली उतरले होते, कुणाच्याच लक्षात आलं नाही. परत द्यायला पिशवीतून काढला. काका म्हणाले, "मला आता काय करायचाय? ठेवा तुम्ही."

घरी येऊन खिडकीशी बसले आणि लावून पाहिला. समोर गल्ली, रांगेतल्या बादल्या, शिंपीणबाईंचं लावलेलं दार, खाली दुकानाच्या पायरीवर कंबर धरून बसलेली ताई. सगळं जसंच्या तसं दिसलं.